लॅक्टेटची नाहक बदनामी

सिंहगड चढून-उतरून आलेल्या नवख्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. जिममधल्या ट्रेनरचं निदान तयारच असतं : ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय.’ ते ‘काढण्यासाठी’ मग कोणी मालीश सुचवतो, कोणी महागडं पेय. प्रत्यक्षात चढताना स्नायूंत तयार झालेलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) माणूस गड उतरून पायथ्याशी येईपर्यंत जवळपास खर्ची पडलेलं असतं. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतरही तासाभरात रक्तातली त्याची पातळी पूर्वपदावर येते. मग दुसऱ्या दिवशी दुखतं ते कशानं?

१९८३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी हे तपासून पाहिलं. सपाट ट्रेडमिलवर पळताना रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. ट्रेडमिलला उतार देऊन पळवलं तेव्हा लॅक्टेट वाढलंच नाही, पाय मात्र चांगलेच दुखले. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. या ओढाताणीत स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्या भागाला सूज येते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. म्हणजे गडाच्या चढणीवर लॅक्टेट बनतं आणि दुखण्याची बेगमी होते ती उतरणीवर.

तरीही आळ लॅक्टेटवर आला, त्याला इतिहास आहे. स्वीडनच्या कार्ल शीलनं १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक ॲसिड वेगळं केलं. पुढे शिकारीत दमवलेल्या हरणांच्या स्नायूंतही ते सापडलं. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या पायाचे स्नायू कापून घेऊन प्रयोग केले. प्राणवायू मिळाला नाही की स्नायूत लॅक्टेट साठे आणि स्नायू थके. प्राणवायू दिला की ते कमी होई. प्रयोग चोख होते. त्यांवरून पुढे पाठ्यपुस्तकांत एक सरळ समीकरण रूढ झालं : प्राणवायू कमी, लॅक्टेट जास्त, म्हणून थकवा. पण कापलेल्या स्नायूत रक्ताभिसरण नव्हतं, जोडीला हृदय नव्हतं, यकृतही नव्हतं. तिथे बनलेलं लॅक्टेट जाणार तरी कुठे?

जिवंत शरीरात ते भरपूर ठिकाणी जातं. पेशी ग्लुकोजचे दोन तुकडे करून पायरुव्हेट बनवते आणि त्यातून झटपट थोडी ऊर्जा मिळवते. हे काम चालू राहायला एनएडी नावाचा रेणू सतत मोकळा व्हावा लागतो. पायरुव्हेटचं लॅक्टेट झालं की तो मोकळा होतो. लॅक्टेट बनलं नसतं तर ऊर्जेची ही झटपट वाट तुंबली असती. शिवाय हे काम फक्त धाप लागल्यावरच चालतं असंही नाही. तांबड्या रक्तपेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले घटक, नसतात, त्यामुळे त्या चोवीस तास लॅक्टेट बनवतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तातही लिटरमागे साधारण १ मिलिमोल लॅक्टेट असतंच. ४०० मीटरची शर्यत जीव तोडून पळणाऱ्याच्या रक्तात ते १५ ते २० पर्यंत चढतं.

त्यातलं काही यकृताकडे जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं हे चक्र १९२९ मध्ये मांडलं. स्नायूला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू मिळवून देण्यासाठी यकृत सहा खर्च करतं. हिशेबात हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. पण पळणाऱ्याला ऊर्जा त्या क्षणी हवी असते, यकृताला ती सवडीनं भरून काढता येते. १९८० च्या दशकात बर्कलीच्या जॉर्ज ब्रूक्स यांनी त्यापुढे जाऊन दाखवलं, की लॅक्टेट एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातं आणि तिथे इंधन म्हणून जळतं. पायातल्या वेगवान तंतूंनी सोडलेलं लॅक्टेट शेजारचे संथ तंतू वापरतात, आणि व्यायामाच्या वेळी हृदयही ते आवडीनं जाळतं. मेंदूच्या पेशीही ते वापरतात. किती, यावर वाद आहे.

जोरात पळताना पायांत जी आग होते तिला अनेक कारणं आहेत, आणि त्या वेळी स्नायू आम्लधर्मी होतो हेही खरं. पण लॅक्टेट स्वतः ॲसिड नव्हे. याचा पुरावा रुग्णालयात खाटेशेजारीच टांगलेला असतो. ‘आरएल’ म्हणजे रिंगर लॅक्टेटच्या सलाईनवरची बारीक अक्षरं वाचा : दर १०० मिलीलिटरमध्ये ०.३२ ग्रॅम सोडियम लॅक्टेट. सिडनी रिंगर यांच्या क्षारद्रावणात ते मिसळलं अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी, १९३० च्या दशकात. जुलाबांनी सुकलेल्या मुलांच्या रक्तातली वाढलेली आम्लता त्यांना कमी करायची होती. यकृत हे लॅक्टेट वापरतं तेव्हा रक्तात बायकार्बोनेट तयार होतं आणि आम्लता उतरते. ज्याच्यावर ॲसिडचा आळ, तेच आम्लतेवर औषध म्हणून दिलं जातं.

त्याच रुग्णालयात लॅक्टेट धोक्याची सूचनाही देतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला किंवा रक्तदाब कोसळला, की पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, ताणामुळे ॲड्रेनलिन वाढून ग्लुकोज वेगानं फुटतं आणि यकृताचीही लॅक्टेट निपटण्याची ताकद घटते. आकडा २ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, ४ च्या वर गेला की धावपळ सुरू होते. मात्र इथेही लॅक्टेट आजाराची बातमी देतं, आजार घडवून आणत नाही. म्हणून घरचं कोणी अतिदक्षता विभागात असेल आणि लॅक्टेट वाढल्याचं कानावर आलं, तर एका आकड्यानं धीर सोडू नका. काही तासांनी पुन्हा मोजलं तेव्हा तो किती होता, हे डॉक्टरांना विचारा. उपचार लागू पडताहेत का, याचा अंदाज त्या दुसऱ्या आकड्यावरून जास्त चांगला येतो.