विश्लेषण : बझर नेमका कधी दाबायचा? क्विझ स्पर्धांमागचे गणित काय?

सामान्य ज्ञानाची पुस्तके पाठ केली की क्विझ जिंकता येते, असा अनेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात पाठांतर एका मर्यादेपर्यंतच साथ देते. वसई पूर्वेतील सातिवलीसारख्या औद्योगिक भागातील विद्यार्थ्यांसाठी ही दिलासा देणारी बाब आहे. महागडा क्लास नसला तरी या खेळाची तयारी करता येते.

स्पर्धांची सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत १९५३ मध्ये रेडिओवर ‘कॉलेज बोल’ सुरू झाले. त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये १९६२ पासून ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ दूरचित्रवाणीवर आले. भारतात १९७२ पासून ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ने शालेय मुलांना क्विझची गोडी लावली. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’च्या भारतीय आवृत्तीचे पहिले विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळवले.

गुण कसे मिळतात?

‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये बझरच्या प्रश्नाला १० गुण असतात. इथे सहकाऱ्यांशी बोलायचे नसते. उत्तर बरोबर आल्यास संघाला प्रत्येकी ५ गुणांचे तीन जोडप्रश्न मिळतात आणि त्यावर चर्चा करता येते. मात्र प्रश्न मध्येच तोडून चुकीचे उत्तर दिले, तर ५ गुण जातात. भारतातील अनेक स्पर्धांत ‘पाउन्स’ असतो. आपली पाळी नसतानाही संघ चिठ्ठीवर उत्तर लिहून देतो. चुकल्यास बहुधा गुण कापले जातात.

प्रश्न कसा रचतात?

अवघड खुणा आधी, सोप्या शेवटी. एक नमुना पाहा : ‘१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी येथील स्तूपाचे उत्खनन केले... येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष सापडले... याचे प्राचीन नाव शूर्पारक... आज हे वसई रोड आणि विरारमधले रेल्वे स्थानक आहे.’ उत्तर, नालासोपारा. शेवटच्या खुणेवर सगळेच बझर दाबतील. पहिल्या खुणेवर घाईने ‘कान्हेरी’ म्हणणारा ५ गुण गमावेल. स्तूप पाहून आलेला आणि त्याची माहिती वाचलेला विद्यार्थी मात्र इतरांच्या आधी उत्तर देईल.

मराठी माध्यमाची अडचण कोणती?

मुंबईतील बहुतेक खुल्या क्विझ इंग्रजीत होतात. ३१ डिसेंबर १८०२ चा ‘वसईचा तह’ इथल्या मुलाला ठाऊक असतो. प्रश्नात ‘ट्रीटी ऑफ बॅसीन’ आले की तोच अडखळतो. माहिती असूनही गुण जातात, ते असे. म्हणून वहीत प्रत्येक नाव दोन्ही भाषांत लिहावे.

सुरुवात कुठून करावी?

इतिहास, विज्ञान, साहित्य आणि क्रीडा अशी आवड वेगवेगळी असलेल्या चौघांचा संघ करावा. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी प्रश्न वाचावेत. बझर नसेल तर बाकावर थाप पुरते. चुकलेल्या उत्तरांची वेगळी यादी ठेवावी आणि पुढच्या आठवड्यात तीच आधी विचारावी. सहावी आणि नववीच्या मुलांना मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही खुली असते. त्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखतही असते. म्हणजे तिथेही नुसते पाठांतर पुरत नाही.