मिनिटाला शंभर शब्द

"आयफ्लाय टू वन फाइफ, डिसेंड टु फोर थाउजंड फीट," मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षातून या नावाच्या विमानाला आवाज जातो. "डिसेंड टु फोर थाउजंड फीट, आयफ्लाय टू वन फाइफ," असं वरून उत्तर येतं आणि बोलणं संपतं. गुड मॉर्निंग नाही, प्लीज नाही, वाक्याला धड कर्ताही नाही. पुढच्या क्षणी त्याच फ्रिक्वेन्सीवर दुबईहून येणारं विमान बोलू लागतं, मग अदिस अबाबाहून येणारं. नियंत्रक नागपूरकडचा असेल, एका विमानात कोरियन कप्तान असेल, दुसऱ्यात इथिओपियन. यातल्या एकाचीही मायबोली इंग्रजी नसेल. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालतं. चुकीला जागाच नाही. आणि तरी ही सगळी माणसं उसन्या भाषेतल्या आठ-दहा शब्दांच्या भरवशावर दिवसरात्र एकमेकांना वाट करून देत असतात.

"इंग्रजी आलं पाहिजे" हे आपल्याकडे पोर शाळेत जायच्या आधीपासून ऐकू येतं. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण कामाच्या ठिकाणी लागणारी इंग्रजी प्रत्यक्षात असते कशी, हे समजून घ्यायचं तर माझ्या मते सगळ्यात आधी वैमानिक आणि नियंत्रक यांचं बोलणं ऐकावं. जगातली सगळ्यात काटेकोर इंग्रजी तिथे बोलली जाते, आणि ती कुठल्याच देशाची नाही.

तिचे नियम पाहा. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या वर जाऊ द्यायचा नाही. 'थ्री' म्हणायचं नाही, 'ट्री' म्हणायचं, कारण तो 'थ' जगातल्या कितीतरी जिभांना जमत नाही. 'फाइव्ह'चा 'फाइफ' आणि 'नाइन'चा 'नाइनर', कारण खरखरत्या रेडिओवर पाच आणि नऊ सारखेच ऐकू येतात. अक्षरं सांगायची तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली. या यादीतल्या 'ज्युलिएट'च्या स्पेलिंगला शेवटी दोन 'टी' आहेत. एकच असता तर फ्रेंच माणसाने तो उच्चारलाच नसता. ऑक्सफर्डच्या इंग्रजीत जे चूक ठरेल, ते इथे मुद्दाम, विचार करून बरोबर ठरवलेलं आहे. ज्याला बोलणं अवघड जातं आणि ज्याला ऐकणं अवघड जातं, त्या दोघांसाठी भाषा वाकवली आहे. हे मला फार मोठं वाटतं.

यातले काही नियम कुणाच्या ना कुणाच्या प्राणांची किंमत देऊन आले आहेत किंवा पक्के झाले आहेत.

19 फेब्रुवारी 1989. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग 747 क्वालालंपूरला उतरत होतं. नियंत्रकाने सांगितलं, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." त्याला म्हणायचं होतं दोन हजार चारशे फूट. कप्तानाला 'टू' हा आकडा वाटलाच नाही, 'पर्यंत' या अर्थाचा 'टु' वाटला; म्हणजे चारशे फुटांपर्यंत खाली या. "ओके, फोर झिरो झिरो," तो म्हणाला. नियंत्रकाच्या ते लक्षात आलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चारही जण गेले. इथे व्याकरण चुकलं नव्हतं, शब्दसंग्रह कमी पडला नव्हता. एवढासा एक शब्द दोन कानांनी दोन तऱ्हांनी ऐकला, एवढंच. म्हणून आज उंची सांगताना 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' असं सुटं करून सांगायचं असतं. वैमानिकाने सूचना जशीच्या तशी परत म्हणायची, आणि नियंत्रकाने ते परत म्हणणं नुसतं कानावर पडू न देता तपासायचं. या दुसऱ्या अर्ध्या भागाचं महत्त्व आपल्या शाळांमध्ये कुणी सांगत नाही. बोलता येणं ही अर्धीच गोष्ट; आपण बोललो ते समोरच्याला काय पोचलं, हे ऐकणं उरलेली अर्धी.

त्याआधी बारा वर्षं, 27 मार्च 1977 ला, कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या विमानतळावर जे घडलं ते विमानवाहतुकीच्या इतिहासातला सगळ्यात भीषण अपघात ठरलं. शेजारच्या बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटला म्हणून कितीतरी विमानं या लहान विमानतळावर वळवली गेली होती. धुकं इतकं की नियंत्रकाला धावपट्टी दिसत नव्हती. केएलएमचं 747 धावपट्टीच्या टोकाला उभं, आणि त्याच धावपट्टीवरून पॅन ॲमचं 747 समोरून हळूहळू येत असलेलं. नियंत्रक स्पॅनिश, एक कॉकपिट डच, दुसरं अमेरिकन. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. तो सांगताना 'टेकऑफनंतर' असे शब्द आले, पण ती उड्डाणाची परवानगी नव्हती. डच सहवैमानिकाने सूचना परत म्हटली आणि शेवटी जोडलं, "वुई आर नाऊ ॲट टेकऑफ." त्याचं विमान तेव्हा धावू लागलेलं होतं. नियंत्रकाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी उभे आहेत. चालू असलेली क्रिया सांगण्याची डच भाषेची धाटणीच अशी आहे, आणि घाईच्या क्षणी ती त्याच्या इंग्रजीत उतरली असावी, असं भाषेचे काही अभ्यासक मानतात. नियंत्रक म्हणाला, "ओके", आणि मग थांबायला सांगू लागला. त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिकही बोलला, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटात त्या 'ओके'पुढे ऐकू आली ती बहुतांशी कर्कश शिट्टी.

त्या कॉकपिटात फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. ते विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का, असं त्याने विचारलं. कप्तान कंपनीतला ज्येष्ठ, नामांकित माणूस. त्याने ठामपणे शंका उडवून लावली, आणि इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. 583 माणसं गेली.

तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, असा दंडक झाला. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. सूचनेला नुसतं 'ओके' हे उत्तर चालत नाही.

आपल्या देशानेही ही किंमत मोजली आहे. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेलं सौदी 747 आणि दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं इल्युशिन-76 समोरासमोर धडकली. 349 मृत्यू. सौदी विमानाला चौदा हजार फुटांची मर्यादा होती, कझाक विमानाला पंधरा हजारांची. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो कझाक चमूवर, आणि कारणांत त्यांचं इंग्रजीचं अपुरं ज्ञान नोंदवलं. त्या विमानात नियंत्रकाशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. विमान चालवणारे हात एकाचे आणि ऐकणारे कान दुसऱ्याचे, अशी ती रचना. अर्थात दोष फक्त भाषेवर ढकलणं अन्याय होईल. तेव्हा दिल्लीला येण्याजाण्याचा मार्ग एकच होता आणि तिथल्या रडारवर विमानांची उंची दिसत नसे.

मग वाटेल, ठराविक वाक्यं घोकून घेतली की झालं. पण तसं होत नाही. 25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं ॲव्हिआंका 52 इंधन संपून कोसळलं. सहवैमानिकाने इंधन कमी असल्याचं नियंत्रकांना सांगितलं होतं, एकदा नव्हे. 'इमर्जन्सी' हा शब्द मात्र त्याने उच्चारला नाही, आणि गजबजलेल्या आकाशात रांग लावणाऱ्या नियंत्रकांना त्याची निकड कळली नाही. 158 पैकी 73 जण गेले. पक्षी इंजिनात शिरला, प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, चाक उघडेना, अशा वेळी घोकलेलं वाक्य सापडत नाही. तिथे साधी, स्वतःची, मनातून येणारी इंग्रजी लागते.

म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने 2003 मध्ये भाषेची पातळी ठरवून दिली, आणि 2008 पासून ती लागू झाली. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी परीक्षा. पातळ्या सहा, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी हवी. गंमत अशी की सरासरी काढत नाहीत. सहांतला सगळ्यात कमी आकडा हीच तुमची पातळी. ओघवतं बोलणाऱ्याला नीट ऐकता येत नसेल तर त्याचा ओघ फुकट. चौथ्या पातळीच्या उच्चारात मातृभाषेची झाक चालते, फक्त समजण्यात ती वरचेवर आड येता कामा नये. बारामती किंवा गोंदियाजवळच्या बिरसीला विमान शिकायला येणाऱ्या तालुक्याच्या मुलामुलींना हे वाक्य कुणीतरी पहिल्या दिवशी वाचून दाखवावं. मराठी वळणाचा उच्चार हा दोष नाही, असं जगाच्या सगळ्यात कडक परीक्षेने लिहून ठेवलं आहे. उलट ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे त्यांनाही सांगितलं आहे की वाक्प्रचार टाळा आणि सावकाश बोला. समजण्याचं ओझं दोन्ही बाजूंनी वाटून घेतलं आहे.

समुद्रावरही तेच. न्हावा शेवाला लागणाऱ्या जहाजावर फिलिपिनो, युक्रेनियन आणि आपला कोकणातला खलाशी एकत्र राबतात. त्यांच्यासाठी 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराविक वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात 'मे', 'कॅन' असले शब्द टाळायला सांगितलं आहे, कारण 'मे आय एंटर' ही विनंती आहे की सूचना की नुसती शक्यता, ते रेडिओवर कळत नाही. त्यापेक्षा आधी 'क्वेश्चन' असं म्हणायचं आणि मग प्रश्न विचारायचा. सुकाणूवरचा माणूस प्रत्येक हुकूम परत म्हणतो, मगच चाक फिरवतो.

आपण मात्र शाळेत इंग्रजी तपासतो ती मुख्यतः कागदावर. निबंध, रिकाम्या जागा, कर्मणी प्रयोग. हे सगळं हवंच. पण 'से अगेन', म्हणजे मला कळलं नाही, पुन्हा सांगा, हे न लाजता म्हणायला आपण मुलांना कधी शिकवतो? वर्गात हात वर करून असं म्हणणाऱ्या मुलाला इतर हसतात. विमानात तेच म्हणणारा आपलं काम चोख करत असतो.

हे शिकवायला ना यंत्र लागतं, ना पैसा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकीच्या हातात गावाचा नकाशा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. तिने इंग्रजीत सांगायचं, देवळाच्या डावीकडे विहीर, विहिरीपुढे शाळा. त्याने प्रत्येक वाक्य परत म्हणायचं, तिने ते तपासायचं, मगच रेघ ओढायची. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवा. विहीर चुकीच्या बाजूला पडली असेल तर गुण दोघांचेही कापा, आणि कुठल्या वाक्याला ती सरकली ते त्यांनाच शोधू द्या.