मूत्रमार्गातील जन्मजात पडदा

मुलगा जन्मला की आप्तेष्ट त्याचे वजन विचारतात, रंग न्याहाळतात; त्याच्या लघवीची धार कशी पडते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक क्वचित् एखाद्या बालकाच्या मूत्रपिंडांचे भवितव्य त्या धारेवरून ओळखता येते.

मूत्राशयातून निघणाऱ्या मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागात अंतस्त्वचेचा एक पातळ पडदा गर्भावस्थेतच तयार होतो आणि मूत्राची वाट अडवितो. बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ साली या व्यंगाचे वर्गीकरण केले. ते मुलग्यांतच आढळते. सुमारे ५,००० ते ८,००० मुलग्यांमागे एकास.

पडदा क्षुल्लक खरा, परंतु त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. अडथळ्याविरुद्ध जोर करून मूत्राशयाची भिंत जाड होते, मूत्रवाहिन्या फुगतात आणि घडत असलेल्या मूत्रपिंडांवर दाब पडून त्यांची रचनाच सदोष होते. चौथ्या महिन्यानंतर गर्भजल हे मुख्यत्वे गर्भाचेच मूत्र असते. ते फार कमी पडल्यास फुप्फुसे वाढत नाहीत; म्हणूनच व्यंग मूत्रमार्गाचे असूनही अशा बालकाचा पहिला झगडा कधी कधी श्वासासाठी असतो.

गर्भवतीच्या सोनोग्राफीत फुगलेले मूत्राशय व त्याखालील रुंदावलेला मूत्रमार्ग मिळून कुलपाच्या किल्लीच्या छिद्रासारखी आकृती दिसते. जन्मानंतर मूत्राशयात क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य भरून, बालक लघवी करीत असतानाच चित्र घेतात. त्यात निदान बहुधा निश्चित होते. रक्ततपासणी मात्र पहिल्या एकदोन दिवसांत फसवी ठरते, कारण तेव्हाचे क्रिएटिनिनचे प्रमाण आईच्या मूत्रपिंडांचे कार्य दर्शविते. गर्भावस्थेत हे व्यंग ध्यानात आले नसेल, तर थेंबथेंब लघवी, ओटीपोटी लागणारा गोळा, वारंवार येणारा ताप या खुणांवरून संशय घ्यावा.

उपचारांत घाई पडदा कापण्याची नसते. प्रथम मऊ नळीने मूत्राला वाट करून देतात, रक्तातील क्षारांचा तोल सावरतात, जंतुसंसर्ग आवरतात; मग मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून पडदा छेदतात. बालक फारच लहान असल्यास ओटीपोटावर मूत्राशयाचे तात्पुरते तोंड उघडतात.

पडदा गेला तरी जाड झालेले मूत्राशय पूर्ववत् होतेच असे नाही. काही मुलांची मूत्रपिंडे पुढे तारुण्यापर्यंत निकामी होतात व डायालिसिस किंवा मूत्रपिंडरोपण करावे लागते. यास्तव मूल हिंडू-खेळू लागले तरी रक्तदाब, लघवी व रक्त यांची नियमित तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.