घन्याचं पाणी

नोव्हेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेले. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी दाट धुकं आहे. रिक्षांची रांग डोळ्यांना दिसत नाही, नुसत्या घंट्या ऐकू येतात. माझ्या वाट्याला साठी ओलांडलेले एक सरदारजी येतात. सायकलरिक्षाच्या दांड्याला दुर्बीण टांगलेली, गळ्याभोवती लोकरी मफलर. "बोलना कम, देखना ज़्यादा," एवढं सांगून ते पायडल मारायला लागतात. इथली माणसं या जागेला केवलादेव म्हणत नाहीत, 'घना' म्हणतात. दाट झाडीचा, म्हणून घना.

सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी. सरदारजी कानानं रिक्षा चालवतात. मध्येच थांबतात, एका ढोलीकडे हनुवटीनं खूण करतात. आत पिंगळ्यांची जोडी एकमेकांना खेटून बसली आहे. थोडं पुढे पाण्यावर काळ्या पक्ष्यांची दाटी, प्रत्येकाच्या कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखा पांढरा ठिपका. आपल्याकडे यांना वारकरी म्हणतात, असं मी सांगते. सरदारजी तो शब्द दोनदा उच्चारून बघतात. मग मी चोचीच्या बुडाशी लाल आणि टोकाला पिवळा ठिपका असलेलं बदक दाखवते आणि त्याचं नाव सांगते, हळदी-कुंकू. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळतो. पुढे दिवसभर ते बदक दिसलं की रिक्षा हळू करून तेच मला सांगतात, "हल्दी-कुंकू!"

धुकं विरतं आणि समोर सारंगागार उघडतं. पाणपक्ष्यांच्या या वसाहतीला मारुती चितमपल्लींनी दिलेला हा शब्द मला इथे पहिल्यांदा पुरता कळतो. पाण्यात उभ्या बाभळी आणि फांदीफांदीवर चित्रबलाकांची घरटी. एका झाडावर मी चौदा मोजते आणि सोडून देते. पिवळी चोच, शेंदरी चेहरा, शेपटीपाशी गुलालाचा हात फिरवल्यासारखी पिसं. मोठे पक्षी जवळजवळ मुके आहेत, फार तर चोची वाजवतात. सगळा गलबला पिल्लांचा. वाऱ्याची झुळूक आली की विष्ठेचा आणि माशांचा उग्र दर्प नाकात शिरतो.

समोरच्या घरट्यात तीन पिल्लं. आई की बाप कोण जाणे, पण एक पक्षी उतरतो, मान खाली घालतो, दोनतीन आचके देतो आणि घरट्यात मासे ओततो. पिल्लं तुटून पडतात. सर्वांत लहान पिल्लाला काहीच मिळत नाही. ते मान वर करून ओरडत राहतं. मी श्वास धरून बघते आहे. पक्षी पुन्हा मान खाली घालतो, एकच मासा टाकतो, आणि या खेपेला तो धाकट्याच्या चोचीत जातो. मग उन्हाकडे पाठ करून पक्षी पंख पसरतो. तिघं त्या सावलीत निमूट बसतात.

"ये सब पानी का खेल है," सरदारजी म्हणतात. त्यांच्या बोलण्यात सारखं पाणीच येतं. हा सगळा प्रदेश जेमतेम 29 चौरस किलोमीटरचा, एक खोलगट वाटी. नुसत्या पावसानं ती भरत नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी बांधलेल्या अजान बांधातून पावसाळ्यात पाणी सोडतात, आणि त्या पाण्याबरोबर माशांची पिल्लं येतात. पाणी आलं तर मासे, मासे आले तर घरटी. वरच्या अंगाला गंभीर नदीवर पांचना धरण झालं. शेतकऱ्यांनाही पाणी हवंच होतं. 2004 नंतरची काही वर्षं घना कोरडा पडला. त्या काळात या बाभळींवर घरटी नव्हती. आता गोवर्धन ड्रेनमधून नळानं पाणी आणतात. 1985पासून जागतिक वारसा असलेली ही जागा दर वर्षी पाण्याची वाट बघते, हे मला फार लागतं.

दुपारी केवलादेवाच्या देवळाशी डबा खातो. शेजारी दगडी फलक आहेत, इथे झालेल्या शिकारींचे हिशेब कोरलेले. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो यांची शिकार, पक्षी 4,273. एका दिवसाचा आकडा. मी बोट ठेवून तो पुन्हा वाचते. मागे तळ्यात तलवार बदकं पोहत आहेत, हजारो मैलांवरून आलेली.

फलकांपासून निघाल्यावर एका बांधावर सरदारजी काही न बोलता थांबतात. समोर उथळ पाणी, लव्हाळी, एक जांभळा बगळा. "यहाँ बैठते थे," ते म्हणतात. सायबेरियन क्रौंच. पश्चिम सायबेरियाच्या ओब नदीच्या खोऱ्यातून अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून ते इथे यायचे आणि चिखलातले कंद उकरून खायचे. साठच्या दशकात दोनशेच्या आसपास होते. 2001-02च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली. सरदारजींनी ती बघितली आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यातही रोज सकाळी इथे येऊन बघायचो, असं ते सांगतात, आणि बोटांनी हवेत त्यांची उंची दाखवतात, स्वतःच्या छातीपर्यंत. मी त्या हाताकडे बघते, मग पाण्याकडे.

ऊन कलतं. एक कोल्हा बांध ओलांडून बाभळीत शिरतो. दूर सारसांची जोडी ओरडते. तो आवाज पाण्यावरून इतका स्वच्छ येतो की सरदारजींचे पाय आपोआप थांबतात. जोडी गवतात दिसेनाशी होईपर्यंत दोघंही हलत नाही.

परतताना पुन्हा तेच घरटं. धाकटं पिल्लू काठावर उभं राहून पंख फडफडवतं आहे.

फाटकाच्या थोडं अलीकडे, दोन तळ्यांमधल्या लोखंडी झडपेपाशी सरदारजी उतरतात. दगडावर पाण्याची जुनी रेघ उमटली आहे. ते उकिडवे बसतात, रेघेखाली बोटं आडवी लावतात, एक, दोन, तीन, चार. "कल तीन थी," ते स्वतःशीच म्हणतात, हात मफलरला पुसतात आणि रिक्षेवर बसतात.