गोधडीवरची नावं

१९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. चांगीच्या तुरुंगात बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे कोंडले गेले. आपलं माणूस जिवंत आहे का, कळायला मार्ग नव्हता. तेव्हा एथेल मल्व्हेनी या कॅनेडियन बाईंच्या पुढाकाराने कैदी बायकांनी कापडाच्या तुकड्यांवर आपलं नाव आणि एखादं चित्र भरलं. प्रत्येकी ६६ चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या. इस्पितळातल्या जखमींसाठी म्हणून त्या बाहेर गेल्या. गोधडीवर नाव दिसलं, म्हणजे बाई जिवंत! त्याच नावांवरून आज त्यांच्या कहाण्या शोधल्या जातात.

आपल्या आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे तुकडे असतात, नावं नसतात. कोणता तुकडा कुणाचा, हे फक्त तिलाच ठाऊक. या सुट्टीत तिच्याजवळ बसून ते लिहून घ्या.