न दिसणारे दुखणे

हात मोडून गळ्यात आला म्हणजे गाडीत अनोळखी मनुष्यही उठून जागा देतो. मेंदूला बसलेला हादरा मात्र कोणाला दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कचेरीच्या जिन्यावरून माझा पाय घसरला आणि डोके कठड्यावर आदळले. क्षणभर अंधारी आली, एवढेच. सी.टी. स्कॅन निर्दोष निघाला आणि सर्वांना हायसे वाटले.

परंतु महिना लोटला तरी डोके ठणकतच होते. ट्यूबलाइटचा उजेड सोसवेना. टिपणीचा एकच परिच्छेद तीनदा वाचावा, तरी अर्थ हाती लागू नये! घरी मुलांवर निष्कारण खेकसू लागलो. ‘प्रकृती तर छान दिसते’ असे जो तो म्हणे. अखेर माझा मलाच संशय येऊ लागला.

या अवस्थेला आघातोत्तर लक्षणसमूह म्हणतात. हादरा बसला की मेंदूच्या पेशींतील क्षारांचा तोल ढळतो आणि तो सावरण्यात पुष्कळ शक्ती खर्ची पडते. स्कॅनमध्ये रक्तस्राव वा हाडाची मोड दिसते. कार्यातील हा बिघाड दिसत नाही. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात, पण काहींची लक्षणे महिनोन्‌महिने रेंगाळतात. मानेची दुखापत, अंतर्कर्णातील बिघाड, अपुरी झोप, अर्धशिशी आणि चिंता त्यांत भर घालतात. यांतील प्रत्येकावर उपचार आहेत, हे मला उशिरा कळले.

मी आरंभी पडदे ओढून दिवसचे दिवस पडून राहिलो. ती चूकच झाली. खेळांतील अशा दुखापतींविषयी 2022 साली ॲम्स्टरडॅम येथे तज्ज्ञांची परिषद भरली होती. तिनेही पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि मग हलके चालणे-फिरणे, असाच सल्ला दिला आहे. त्रास किंचित वाढला तर चालेल. फार वाढला तर थांबावे.

पुढे मी सरकारी नोकराला साजेशी युक्ती काढली: दिवसाच्या शक्तीचे अंदाजपत्रक! अवघड फायली सकाळी पाहावयाच्या. अर्ध्या तासाने पाच मिनिटे डोळे मिटून बसावयाचे. एका वेळी एकच काम; लक्षात ठेवण्याचे सारे टाचणवहीत. झोपेची वेळ ठरलेली. सर्वांत घातक दिवस बरे वाटण्याचा! त्या दिवशी तुंबलेले सारे उरकण्याचा मोह होतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. आता संध्याकाळी पत्नी विचारते, “आज शिल्लक किती?” शिल्लक नसेल तर लग्नाच्या स्वागतसमारंभाला ती एकटी जाते आणि कोणी रागावत नाही.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. मार लागल्यानंतर डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, गुंगी वा झटके आले, हातपाय लुळे पडू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. बरे होण्यापूर्वी डोक्याला दुसरा मार बसू नये म्हणूनही जपावे.

आज मी पूर्ण वेळ काम करतो. गोंगाट मात्र अजून बाधतो. आपल्या घरी वा कचेरीत डोक्याला मार लागलेला कोणी ‘अजून बरे वाटत नाही’ असे म्हणाला, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. माझ्या घरच्यांनी तो ठेवला, म्हणूनच मी सावरलो.