पाणपक्ष्यांची शिकार : हंगामाचा कायदा आणि त्याची मर्यादा

‘शिकारीचा हंगाम’ हा शब्दप्रयोग आज बहुधा जुन्या शिकारकथांतच भेटतो. परंतु भारतीय कायद्यात या संकल्पनेला शंभराहून अधिक वर्षे स्थान होते. १८८७ च्या अधिनियमाचा रोख विणीच्या काळात नुकत्याच मारलेल्या वन्य पक्ष्यांची विक्री रोखण्यावर होता. १९१२ च्या अधिनियमाने बदके, तितर आदी पक्ष्यांसाठी ‘बंदीचा काळ’ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक शासनांना दिला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानेही आरंभी हीच चौकट राखली. लहान शिकारीसाठी त्यात स्वतंत्र परवाना होता. पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांना मारण्यास मनाई होती. मात्र पाणपक्षी त्यातून वगळले होते.

बंदीच्या काळामागील तत्त्व सरळ होते : वीण होऊ द्यावी, पिले वाढू द्यावीत, मग शिकार करावी. धनवर बदक किंवा अडई हे पक्षी प्रामुख्याने पावसाळ्यात येथेच घरटी करतात; त्यांना या नियमाचा लाभ होई. तलवार बदक, थापट्या यांची गोष्ट निराळी. त्यांची वीण उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांत उन्हाळ्यात होते आणि ते हिवाळ्यापुरते येथे येतात. म्हणजे त्यांचा येथील मुक्काम आणि शिकारीचा खुला हंगाम जवळजवळ एकच. ज्या महिन्यांत त्यांना मारण्यास मनाई होती, त्या महिन्यांत ते येथे नसतच.

या विसंगतीचे टोक भरतपूरला दिसते. त्या संस्थानाला ब्रिटिश मुलखाचा कायदा लागू नव्हता. पण शिकारीचा काळ तोच, हिवाळ्याचा होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

१९९१ च्या दुरुस्तीने खेळ म्हणून करावयाच्या शिकारीचे परवाने आणि बंदीच्या काळाची तरतूद, दोन्ही रद्द झाली. आज अनुसूचीतील पक्ष्यांची शिकार बारमाही निषिद्ध आहे. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाचा अर्थही कोशातील अर्थाहून व्यापक आहे : सापळा लावणे, आमिष दाखवणे, अंडी वा घरटी नष्ट करणे, हे सारे त्यात येते. तथापि स्थलांतरित बदकांची घरटी या कायद्याच्या कक्षेबाहेर, परदेशात असतात. त्यामुळे स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारताचे १९८३ पासूनचे सदस्यत्व हे देशांतर्गत बंदीला आवश्यक असे पूरक ठरते.